एक मेनू, अनेक पाने



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर येण्याचे बोलावणे आम्हांस आले, तेव्हा चालकांची अपेक्षा अशी होती की आम्ही संपावर, बोनसवर किंवा किमान वेतनावर बोलावे. गेली तीसएक वर्षे याच विषयांवर आम्ही घसा कोरडा करीत आलो आहोत. तेव्हा त्यांची अपेक्षा वावगी होती असे म्हणता येणार नाही. परंतु आम्ही कळविलेला विषय निराळा होता. संकेतस्थळाच्या प्रत्येक पानावर माथ्याशी 'मुखपृष्ठ', 'सूचना', 'संपर्क' अशा शब्दांची जी ओळ असते, जिला मेनू म्हणतात, ती एकदाच तयार करून सर्व पानांवर कशी वापरावी, हा तो विषय. चालकांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. विडी आणि यंत्रमाग कामगारांत काम करणाऱ्या माणसाचा या गोष्टीशी काय संबंध, हा प्रश्न आपणांपैकीही काहींच्या मनात असेल.

संबंध आहे, आणि तो आम्ही नुकसान होऊन शिकलो. नुकसान आमचे झाले नाही, दुसऱ्याचे झाले. म्हणून तर ते चारचौघांत सांगणे आमच्यावर बंधनकारक आहे. हे शास्त्र आम्ही कोणत्याही कॉलेजात शिकलेलो नाही. रात्री युनियनच्या कचेरीत बसून, कामगारांच्याच शिकत्या मुलांना विचारीत, जेवढे पदरात पडले तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहोत. जाणकारांना चूक दिसली तर त्यांनी व्याख्यानानंतर अवश्य आमचा कान धरावा.

प्रथम संकेतस्थळ म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. ते पुस्तक नव्हे. ती सुट्या पानांची चळत आहे. एका पानावरच्या शब्दाला बोट लावले की दुसरे पान उघडते. या सोयीला दुवा म्हणतात. ही कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी 1989 साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत मांडली, 1991 साली पहिले संकेतस्थळ जगापुढे आले, आणि 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने हे सारे तंत्र कोणताही मोबदला न घेता सर्वांना खुले केले. एवढी मोठी वस्तू मालकी न सांगता जगाच्या हवाली झाली, ही गोष्ट आम्हां कामगारांना विशेष वाटते.

आता पुस्तकाला पहिले पान असते आणि वाचणारा बहुधा तेथूनच आत शिरतो. संकेतस्थळाचे तसे नाही. कोणीतरी व्हॉट्सॲपवर मधल्याच एका पानाचा पत्ता पाठवितो, आणि माणूस थेट त्या पानावर उतरतो. अनोळखी गावात रात्री एसटीतून मधल्याच फाट्यावर उतरावे, तशी त्याची गत होते. आपण कोठे आहोत आणि येथून पुढे कोठकोठे जाता येते, हे सांगणारी पाटी त्याला त्याच जागी हवी असते. ती पाटी म्हणजे मेनू. तो मुखपृष्ठावर असून भागत नाही. प्रत्येक पानावर असावा लागतो. आणि तो प्रत्येक पानावर हवा म्हटले की लगेच प्रश्न येतो, तो प्रत्येक पानावर लिहावयाचा कोणी आणि कसा?

आम्ही हा प्रश्न आमच्या परीने सोडविला होता. युनियनच्या संकेतस्थळाची मराठीत 23 पाने झाली होती. पहिल्या पानाचा मेनू आम्ही उचलला आणि उरलेल्या 22 पानांवर नक्कल करून डकविला. मेनूत 7 दुवे होते. म्हणजे 23 साते 161 दुवे वेगवेगळ्या जागी लिहिलेले. काम एका संध्याकाळी उरकले, आणि आम्ही मोठ्या समाधानाने घरी गेलो.

विडी कामगारांच्या मुलांना केंद्रीय श्रम मंत्रालयाकडून शिष्यवृत्ती मिळते, आणि तिचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरावे लागतात, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. दर वर्षी मुदत निराळी. एका वर्षी आम्ही नव्या मुदतीचे नवे पान केले आणि मेनूतील 'शिष्यवृत्ती' हा दुवा त्या पानाकडे वळविला. वळविला म्हणजे 23 ठिकाणी हाताने बदलावयाचा होता. आम्ही 19 ठिकाणी बदलला. 4 पाने नजरेतून सुटली. त्या चारांत ओळखपत्राचे पान होते, आणि नेमका त्याच पानाचा पत्ता वस्त्यावस्त्यांतून व्हॉट्सॲपवर फिरत होता.

एका विडी कामगार बाईंच्या मुलीने ते पान उघडले. माथ्यावरच्या 'शिष्यवृत्ती' शब्दावर बोट ठेवले. जुना दुवा तिला गेल्या वर्षीच्या पानावर घेऊन गेला, आणि तेथे आम्हीच ठळक अक्षरांत लिहून ठेवले होते : मुदत संपली आहे. मुलीने मोबाइल खाली ठेवला. दीड महिन्याने आई दुसऱ्याच कामासाठी कचेरीत आली, तेव्हा बोलता बोलता हा उलगडा झाला. तोवर खरी मुदतही संपून गेली होती. आम्ही म्हटले, "अक्का, एकदा विचारायचं तरी." ती म्हणाली, "काय विचारायचं भाऊ? तुमच्याच पाटीवर बोट ठेवलं की पोरीनं. तुम्हीच संपली म्हणून सांगितलाव."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. दिवसाला हजार विड्या वळून मजुरी आणणाऱ्या घरात शिष्यवृत्तीची रक्कम म्हणजे काय, हे या शहरात समजावून सांगण्याची गरज नाही. सरकारने तिला नाकारले नव्हते, पोर्टल बंद पडले नव्हते. तिला परत फिरविले ते आमच्या डकविलेल्या मेनूने.

त्या रात्री आम्हांस एक साधी गोष्ट समजली. जी वस्तू सर्व पानांची आहे, ती सर्व पानांवर लिहावयाची नसते. ती एका जागी ठेवून सर्व पानांनी तिच्याकडून घ्यावयाची असते. नक्कल केलेली वस्तू जन्मतः सारखी असते, पण पहिल्या दुरुस्तीबरोबर ती वेगळी होऊ लागते.

खरे पाहता सोलापूरकराला हे कोणी शिकविण्याचे कारण नव्हते. आपली चादर याच तत्त्वावर विणली जाते. लियों शहरातील जोसेफ मारी जेकार्ड यांनी 1804 साली आपला माग सिद्ध केला, त्यातील युक्ती आपण जाणताच. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरते. एकेका आडव्या धाग्यासाठी एकेक पुठ्ठा. जेथे छिद्र तेथला उभा धागा वर उचलला जातो, जेथे छिद्र नाही तेथला खाली राहतो. माळेचा फेरा पूर्ण झाला की पुन्हा पहिला पुठ्ठा येतो आणि चादरीवर तेच फूल पुन्हा उमलते. डिझाइन करणारा एकदाच डोके खर्च करतो. त्यावर चादरी किती निघाव्यात याला गणती नाही. सुताचा रंग बदलला तर त्याच माळेतून निराळी दिसणारी चादर निघते. आज अनेक मागांवर पुठ्ठ्यांच्या जागी संगणक आला आहे, पण तत्त्व तेच आहे. आणि हा संबंध आम्ही ओढूनताणून जोडीत नाही. चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी पुठ्ठ्यांची ही कल्पना मागाकडूनच घेतली, आणि एडा लव्हलेस यांनी 1843 साली त्या यंत्रावर टिपणे लिहिताना त्याची तुलना जेकार्डच्या मागाशीच केली. संगणकाच्या वंशावळीत विणकर आहे, ही गोष्ट आपल्या शहराने विसरू नये.

आता मेनूची माळ कशी बांधावयाची ते पाहू. संकेतस्थळे करणाऱ्यांपुढे हा प्रश्न फार लवकर उभा राहिला. 1996 साली नेटस्केप कंपनीच्या ब्राउझरने पडद्याचे तुकडे पाडण्याची सोय दिली. डाव्या तुकड्यात मेनू कायम ठेवावा, उजव्या तुकड्यात पाने बदलावीत. मेनू एकदाच लिहिला की झाले! परंतु या सोयीत खोट होती. आत पाने बदलली तरी वर पत्ता एकच दिसे. त्यामुळे हवे ते पान दुसऱ्याला दाखविता येईना, आणि शोधयंत्रातून थेट आतल्या पानावर आलेल्या माणसाला मेनूच दिसेना. ज्याला पाटीची सर्वांत अधिक गरज, त्यालाच ती नाही. 2014 साली ठरलेल्या एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीने ही पद्धत कालबाह्य ठरविली.

आज तीन मार्ग प्रचारात आहेत. पहिल्यात मेनू एका स्वतंत्र फाइलीत ठेवतात, आणि वाचकाने पान मागितले की सर्व्हर, म्हणजे पाने पुरविणारा दूरचा संगणक, त्या क्षणी मेनू आणि पानाचा मजकूर जोडून पाठवितो. दुसऱ्यात जोडणी वाचकाच्या मोबाइलवर होते. पान आधी येते, मग एक छोटा कार्यक्रम मेनू आणून वर बसवितो. तिसऱ्यात आपणच आपल्या संगणकावर सर्व पाने मेनूसह जोडून तयार करतो आणि तयार पाने सर्व्हरवर ठेवतो. मेनू बदलला की सारी पाने एका आज्ञेसरशी पुन्हा जोडावयाची. तिन्ही मार्गांत मेनू एकाच जागी लिहिलेला असतो, हे मुख्य.

यांतून निवड करताना आम्ही वाचणाऱ्याकडे पाहिले. आमच्या वाचकाचा मोबाइल जुना, त्याची काच तडकलेली, आणि रेंज कधी आहे तर कधी नाही. दुसऱ्या मार्गात मजकूर आला आणि मेनू वाटेत अडकला असे होऊ शकते. म्हणून तो सोडला. पहिल्या मार्गात सर्व्हरवरचे यंत्र सतत सांभाळावे लागते, आणि आमच्याकडे पगारी माणूस नाही. म्हणून तिसरा मार्ग घेतला. ज्याची परिस्थिती निराळी त्याने निराळा मार्ग घ्यावा. यात सोवळेओवळे काही नाही.

मेनू बांधताना ज्या अडचणी आल्या त्या सांगतो, कारण हे काम हाती घेणाऱ्या प्रत्येकाला त्या येतीलच. पहिली अडचण पत्त्याची. दुवा दोन प्रकारे लिहिता येतो. 'उजवीकडचे तिसरे घर' हा एक प्रकार. असा पत्ता सांगणारा ज्या दारात उभा आहे तेथूनच खरा असतो, गल्ली बदलली की चुकतो. 'चार पुतळ्यापासून इतक्या अंतरावर, अमुक गल्लीत' हा दुसरा प्रकार. तो शहरात कोठूनही खरा असतो. एकट्या पानावर पहिला प्रकार चालून जातो. पण सर्व पानांवर जाणाऱ्या मेनूत तो घातला की खालच्या कप्प्यातील पानांवरून सारे दुवे तुटतात. म्हणून सामायिक मेनूतील प्रत्येक पत्ता संकेतस्थळाच्या मुळापासून लिहावा. हे न कळल्याने आमचे दोन रविवार गेले.

दुसरी गोष्ट, मेनू सर्वत्र सारखा असला तरी एक खूण पानागणिक बदलली पाहिजे : 'आपण येथे आहात'. ज्या पानावर आपण आहोत त्याचा शब्द ठळक दिसावा. म्हणून मेनूच्या साच्यात एक मोकळी जागा ठेवतात, आणि जोडणीच्या वेळी प्रत्येक पान आपले नाव त्या जागेला कळविते. ही खूण केवळ रंगाने दाखवू नये. ज्याला रंग ओळखता येत नाही त्याच्यासाठी शब्दाखाली रेघही द्यावी, आणि ज्याला दिसतच नाही त्याच्यासाठी पडदा वाचून दाखविणाऱ्या यंत्राला समजेल अशी नोंद आत करावी. रूप आणि मजकूर निराळे ठेवावेत, हेही येथेच शिकलो. दुव्यांची यादी एका फाइलीत. रंग, अंतर, अक्षराचा आकार दुसऱ्या फाइलीत. या दुसऱ्या फाइलीच्या भाषेला सीएसएस म्हणतात. हॉकोन व्यूम ली यांनी तिची कल्पना 1994 साली मांडली. माळ तीच, सूत निराळे.

तिसरी गोष्ट भाषेची. सोलापुरात एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन भाषा नांदतात. म्हणून आम्ही मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांत पाने करण्याचे ठरविले. 23 चोक 92 पाने, आणि जुन्या रीतीने गेलो असतो तर 644 दुवे हाताने सांभाळावे लागले असते. नव्या रीतीने चार भाषांच्या चार याद्या, म्हणजे 28 दुवे! तेलुगू शब्द लांब पडला की चौकटीबाहेर येई, म्हणून ठरावीक रुंदीच्या चौकटी काढून टाकल्या. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते. तेथे मेनूची पहिली वस्तू उजव्या टोकाला हवी. पानाची भाषा आणि लिहिण्याची दिशा आरंभीच नीट नोंदली तर ब्राउझर हे बरेचसे आपणच करतो. भाषा बदलण्याच्या जागी मात्र प्रत्येक भाषेचे नाव त्याच भाषेत आणि लिपीत लिहावे. तेलुगू वाचणाऱ्याने 'तेलुगू' हा शब्द देवनागरीत का शोधावा?

चौथी गोष्ट लहान पडद्याची. मोबाइलवर सात शब्द एका ओळीत मावत नाहीत. तेव्हा तीन आडव्या रेघांचे चिन्ह ठेवून मेनू त्याच्या पोटात लपविण्याची चाल पडली आहे. हे चिन्ह नॉर्म कॉक्स यांनी झेरॉक्स कंपनीच्या 1981 सालच्या संगणकासाठी काढले होते. ते ज्यांना माहीत आहे त्यांना सोयीचे. पण आमच्या एका सभेत आम्ही ते दाखविले तेव्हा एकीला ती ओळी आखलेली वही वाटली, दुसरीला मोबाइलमधला बिघाड. आम्ही रेघांच्या जागी 'यादी पाहा' असे दोन शब्द लिहिले. प्रश्न मिटला.

याहून मोठा प्रश्न मेनूतील शब्दांचा होता. आमच्या पहिल्या मेनूत 'कल्याणकारी योजना', 'सामाजिक सुरक्षा', 'परिपत्रके' असे शब्द होते. ते आम्हीच घातले होते, आणि घालताना आपण मोठे जबाबदारीचे लिहीत आहोत असे आम्हांस वाटले होते. दुरुस्तीच्या वेळी आम्ही पंधरावीस बायांना बोलाविले, कागदाचे कपटे करून प्रत्येकावर एकेक काम लिहिले, आणि जी कामे एकत्र ठेवावीशी वाटतील त्यांचे ढीग करण्यास सांगितले. मग विचारले, या ढिगाला काय म्हणाल? 'सामाजिक सुरक्षा' कोणीही म्हटले नाही. 'फंड' म्हटले. आमच्या मते घराचा विषय योजनांत मोडत होता. त्यांनी तो वेगळा काढला आणि सर्वांच्या वर ठेवला. ते बरोबरच होते. कुंभारीच्या माळावर विडी कामगार स्त्रियांची 10,000 घरांची वसाहत 2006 साली उभी राहिली, आणि रे नगरातील पहिल्या 15,000 घरांचे हस्तांतर 19 जानेवारी 2024 रोजी झाले. ज्या शहरात कामगाराने घर मिळविण्यासाठी इतकी वर्षे झुंज दिली, तेथे 'घरकुल' हा शब्द दुसऱ्या शब्दाच्या पोटात दडवून कसे चालेल? अखेर सात शब्द ठरले : मुखपृष्ठ, घरकुल, फंड, शिष्यवृत्ती, ओळखपत्र, तक्रार, संपर्क. एकाच्या पोटातून दुसरी यादी उघडेल अशी रचना आम्ही मुद्दाम केली नाही.

आपण म्हणाल, हा सारा एका लहानशा संघटनेचा संसार झाला. तसे नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने 'एस-थ्री-वास' नावाची एक सामायिक चौकट तयार केली आहे, आणि जिल्ह्यांची सरकारी संकेतस्थळे तिच्यावर उभी केलेली आहेत. आपल्या सोलापूर जिल्ह्याचे संकेतस्थळ उघडा आणि मग शेजारच्या सांगलीचे किंवा धाराशिवचे उघडा. मेनूची बांधणी ओळखीची वाटेल. सोलापूरच्या पानावर सरावलेला माणूस बदली होऊन परजिल्ह्यात गेला तरी तेथे चाचपडत नाही. याला जागतिक नियमाचाही आधार आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेने 2008 साली जे सुगम्यतेचे निकष ठरविले, त्यांत स्पष्ट म्हटले आहे की, अनेक पानांवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या मार्गदर्शक दुव्यांचा क्रम सर्व पानांवर सारखा असावा. दुसराही एक निकष आहे : असा वारंवार येणारा भाग ओलांडून थेट मजकुराकडे जाण्याची वाट असावी. डोळस माणूस मेनूवरून नजर फिरवून खाली जातो. पण कानांनी वाचणाऱ्या अंध माणसाने प्रत्येक पानावर तेच सात शब्द का ऐकावेत? भारत सरकारनेही आपल्या संकेतस्थळांसाठी 2009 साली मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम्यता हा हक्काचा विषय झाला. तेव्हा मेनू नीट असणे ही कोणाची मेहेरबानी राहिलेली नाही.

येथवर आम्ही सामायिक वस्तूचे गुण गायिले. आता तिचा दोष सांगितला नाही तर ते अप्रामाणिकपणाचे होईल. जेकार्डच्या माळेत एका पुठ्ठ्याला चुकीचे छिद्र पडले तर ती चूक एका चादरीत राहत नाही. माळ जितके फेरे घेईल तितक्या फुलांत ती उमटते. आमचेही तसेच झाले. नवा मेनू सुरू होऊन महिना झाला होता. एका संध्याकाळी घाईत 'तक्रार' या दुव्याच्या पत्त्यात एक अक्षर चुकले. जुन्या रीतीत चूक एका पानावर झाली असती. या वेळी ती त्या भाषेच्या 23 ही पानांवर एकाच क्षणी गेली, आणि दोन दिवस मराठी वाचणाऱ्या एकाही कामगाराला तक्रार नोंदविता आली नाही. म्हणजे जी सोय दुरुस्ती सर्वत्र पोहोचविते, तीच चूकही सर्वत्र पोहोचविते. तिला भलेबुरे कळत नाही.

मग यावर उपाय काय? पुन्हा नकला करीत बसावे काय? मुळीच नाही. उपाय आम्हांस आमच्या जुन्या धंद्यातच सापडला. एके काळी प्रत्येक गिरणीचे रजेचे, दंडाचे, शिक्षेचे नियम निराळे असत, आणि ते मालकाच्या मनात असत. 1946 साली स्थायी आदेशांचा कायदा झाला. नियम लेखी असावेत, त्यांना एक नमुना असावा, आणि ते प्रमाणित होण्यापूर्वी कामगारांचे म्हणणे ऐकून घ्यावे, असे त्या कायद्याने ठरविले. पुढे त्याची जागा 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली. त्या नव्या संहितेविषयी आमचे जे म्हणणे आहे ते आम्ही इतरत्र बोलतच असतो. पण 1946 च्या कायद्यामागचे तत्त्व ध्यानात घेण्यासारखे आहे. जो नियम अनेकांना लागू होतो, तो एकट्याने खोलीत बसून बदलावयाचा नसतो.

तेच आम्ही मेनूला लावले. कचेरीत एक वही ठेवली. मेनूत बदल करणाऱ्याने काय बदलले, का बदलले, ते तारखेसह लिहावे. दुसऱ्याने तो तपासून सही करावी. एकट्याने केलेला बदल वर चढवू नये. पाने जोडून झाली की सर्व दुवे आपोआप तपासणारा छोटा कार्यक्रम चालवावा. एक जरी तुटका निघाला तरी जुनी पाने तशीच राहू द्यावीत. मागची आवृत्ती जपून ठेवावी, म्हणजे चूक झाल्यास पाच मिनिटांत मागे येता येते. शिष्यवृत्तीच्या पानाचा पत्ताही आता दर वर्षी बदलत नाही. त्याच पत्त्यावर नवी मुदत लिहितो आणि जुनी काढून टाकतो. आणि शब्द बदलावयाचा असेल तर वर्षातून एकदा बायांची बैठक घेऊन, पुन्हा तेच कागदाचे कपटे मांडून बदलतो. या शेवटच्या नियमाला आमच्यातील तरुण मंडळी प्रथम हसली. पण गेल्या बैठकीत 'तक्रार' हा शब्द सहाव्या जागेवर नको, दुसऱ्या जागेवर हवा, असे ज्या बाईने सांगितले, तिचे म्हणणे खोडून काढण्यास त्यांच्यापैकी कोणीही उठला नाही.

आपल्या शहरात वाचनालये आहेत, पतसंस्था आहेत, शाळा-कॉलेजे आहेत, गृहनिर्माण संस्था आहेत. अनेकांची संकेतस्थळे आहेत. आपण त्यांचे सभासद आहात, काही ठिकाणी पदाधिकारीही असाल. आमची विनंती एवढीच की, आज घरी गेल्यावर आपल्या संस्थेचे एखादे आतले पान मोबाइलवर उघडा. तेथे मेनू आहे काय ते पाहा. त्यातील प्रत्येक शब्दावर बोट ठेवून तो कोठे नेतो ते पाहा. मग ते काम सांभाळणाऱ्या मुलाला विचारा, "बाबा रे, हा मेनू किती जागी लिहिला आहेस?" त्याने 'एका' असे उत्तर दिले तर त्याची पाठ थोपटा आणि पुढचा प्रश्न विचारा : तो बदलताना तू कोणाला विचारतोस?

ज्या मुलीची शिष्यवृत्ती आमच्या चुकीने हुकली, तिने पुढल्या वर्षी अर्ज भरला. तो भरताना आम्ही शेजारी बसलो होतो. हुकलेले वर्ष तिला परत देणे आमच्या हातांत नव्हते. तिच्या आईने मात्र आमचे ऐकले आणि मेनूच्या बैठकीला येऊ लागली. ती फार बोलत नाही. नवा मेनू दाखविला की आपल्या मुलीचा मोबाइल मागून घेते, ओळखपत्राचे पान उघडते आणि तेथून 'शिष्यवृत्ती'वर बोट ठेवून पाहते. तिने मान हलविल्याशिवाय आम्ही मेनू वर चढवीत नाही.